बाभळीचा काटा आणि बांधावरची वाट



केंदूरहून कोणत्याही वाडीकडे निघा, बांधावर बाभूळ भेटतेच. तिच्या शेंगा शेळ्यांना, डिंक बाळंतिणीच्या लाडवांना, साल कातडे कमवायला आणि लाकूड नांगराला व बैलगाडीच्या चाकाला. इतके देऊनही बाभळीचे नाव निघाले की आपल्याला पहिला आठवतो तो काटा. देवाने निर्माण केलेले सर्व काही चांगले, असे आपण मानतो. मग काटा कशासाठी?

उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात आदामाच्या पापानंतर भूमी काटे उगवील असे सांगितले आहे. त्यावरून काटा पापातूनच जन्मला, असा पुष्कळांचा समज होतो. तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस यांनी संत ऑगस्टिन यांच्या आधारे निराळे उत्तर दिले. मनुष्याने पाप केले नसते तरी काटेरी झाडे उगवली असती, ती जनावरांचे अन्न म्हणून. मनुष्याला मात्र त्यांचा जाच झाला नसता. म्हणजे काटा मुळात वाईट नाही. पापाने बिघडले ते माणसाचे भूमीशी असलेले नाते. मान उंचावून बाभळीचा पाला ओरबाडणारी शेळी पाहिली की संतांचे म्हणणे पटते.

बाभळीची आणखी एक गोष्ट शेतकऱ्यांना ठाऊक आहे. रोप लहान असते तेव्हा काटे लांब, दोन-तीन इंचांचेही असतात. झाड मोठे झाले की ते कमी होतात; कित्येक जुन्या झाडांना काटा शोधावा लागतो. जे कोवळे आहे त्याला राखण हवी. म्हणून स्वतःचे रक्षण करणे हे पाप नव्हे. संत थॉमसही तेच शिकवतात. फक्त गरजेपेक्षा जास्त बळ वापरू नये, अशी अट घालतात. विधवेने आपल्या वाट्याच्या जमिनीसाठी भांडावे, मजुराने बुडवलेली मजुरी मागावी, सुनेने मारहाण सोसू नये. अशांना ‘ख्रिस्ती माणसाने सहन करावे’ असे सांगून गप्प बसवणे हा प्रभूच्या शिकवणुकीचा गैरवापर आहे.

पण बाभळीचा काटा कोणाच्या पाठीमागे धावत नाही. माणूस फांदी तोडतो, ओढत नेतो आणि शेजाऱ्याच्या वहिवाटीच्या वाटेवर आडवी टाकतो. तो काटा मग झाडाचा राहत नाही, आपला होतो. सणसवाडी, रांजणगावला कारखाने आले, जमिनीला भाव आला आणि हातभर बांधावरून सख्खे भाऊ बोलेनासे झाले. अडवलेली वाट मोकळी करण्यासाठी 1906 चा मामलतदार न्यायालय कायदा आहे. तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. कायदा फांदी हटवील. मनातली अढी काढणे त्याच्या हाती नाही.

कोणी म्हणेल, “फादर, आधी त्यानेच बांध कोरला!” तसे असेल तर मोजणी मागवा, दाद मागा, तो तुमचा हक्क आहे. पिकाभोवती कुंपणही खुशाल घाला. मात्र त्याच्या घरच्या शाळकरी मुलांनी आणि दुधाची किटली घेऊन निघालेल्या म्हातारीने काट्यातून का जावे? आपण लावलेल्या काट्यामागे राखण्यासारखे कोवळे काही आहे, की नुसता जुना राग आहे, हे ज्याने त्याने देवासमोर तपासावे.

निर्गमच्या पंचविसाव्या अध्यायात परमेश्वराने कराराचा कोश बाभळीच्या लाकडाचा करायला सांगितला. काटेरी झाड देवाला चालले. पुढे सैनिकांनी काटे गुंफून प्रभू येशूच्या मस्तकावर मुकुट दाबला. तेव्हाही दोष झाडाचा नव्हता, गुंफणाऱ्या हातांचा होता.

वेदीपाशी अर्पण आणण्याआधी भावाशी समेट करा, असे प्रभूने सांगितले आहे. मिस्सामध्ये आपण शेजाऱ्याला शांती देतो. पुढच्या रविवारी ती देण्याआधी ज्याच्या त्याच्या शेताकडे एक फेरी व्हावी. कोणाच्या वाटेवर आपली फांदी पडलेली असेल, तर ती उचलून बांधाच्या आत ठेवावी. हाताला काटा बोचेल, तेवढे सोसावे.

प्रभू आपणां सर्वांस आशीर्वादित करो.

— आपले धर्मगुरू