काढा आणि कानगोष्ट



संत पौलाने तिमथीला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पाचवा अध्याय काढून पाहा. तेराव्या वचनात घरोघर फिरून नको ते बोलत बसणाऱ्यांना पौल समज देतो. त्यानंतर दहाच वचनांनी, तेविसाव्या वचनात, तो तिमथीला पोटाच्या त्रासासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. एकाच पानावर जिभेला आवर घालण्याची सूचना आणि घरगुती औषधाचा सल्ला! या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असे कोणालाही वाटेल. परंतु आपल्या केनवड परिसरातील खेड्यांत राहणाऱ्या माणसाला तो संबंध चांगला ठाऊक आहे. कोणी आजारी पडले की त्याच्या दारात दोन गोष्टी पोहोचतात: एकीच्या हातात काढ्याचा पेला असतो आणि दुसरीच्या तोंडी प्रश्न असतो, "काय झालं वं माय तिले?" पुष्कळदा या दोन्ही गोष्टी घेऊन येणारी व्यक्ती एकच असते. या दोहोंचा विचार या रविवारी आपण एकत्र करू या.

प्रथम काढ्याविषयी. घरगुती औषधे घेणे हा श्रद्धेचा कमीपणा आहे काय? मुळीच नाही. बेनसिराच्या पुस्तकाचा अडतिसावा अध्याय सांगतो की देवाने जमिनीतून औषधे उपजवली आणि शहाणा माणूस त्यांना तुच्छ मानत नाही. त्याच अध्यायात वैद्याचा मान राखण्याचीही सूचना आहे. यशया संदेष्ट्याने हिज्कीया राजाच्या गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितला होता. चांगल्या शोमरोनी माणसाने जखमी वाटसरूच्या जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला. तेव्हा खोकल्यावर अडुळसा, पोटदुखीवर ओवा, सर्दीवर सुंठ किंवा गवती चहा यांत काहीही वावगे नाही. ही सारी निर्मितीची देणगी आहे.

काही घरगुती उपाय तर दवाखान्यातील औषधाइतकेच मोलाचे ठरले आहेत. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, पश्चिम बंगालमधील बनगाव येथे, पटकीची साथ आली. सलाइनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज व सोडा यांचे पाणी पिंपांत भरून रुग्णांच्या नातेवाइकांच्याच हाती पाजायला दिले आणि असंख्य जीव वाचले. आजही जुलाब सुरू झाले की एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून थोडे थोडे पाजत राहणे हे प्रत्येक आईला यायला हवे.

पण आपल्या भागात हे औषध किती वेळा कुजबुजीचा विषय होते! एखाद्या ख्रिस्ती घराच्या अंगणात तुळस दिसली की लगेच चर्चा सुरू होते. "मिस्सेला येतात अन् दारात तुळस लावतात म्हणे." कोणी गावातील वैदूकडून मुळी आणली की "ते आता देवरुषाकडे जातात म्हणे." येथे ख्रिस्तसभेची शिकवण स्पष्ट आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या 'कॅटेकिझम' या धर्मशिक्षणग्रंथाच्या २११७ व्या परिच्छेदात जादूटोण्याचा निषेध आहे. पारंपरिक उपचारांच्या नावाखाली दुष्ट शक्तींना आवाहन करणे किंवा भोळ्या माणसाचा गैरफायदा घेणे समर्थनीय नाही, असे तेथे सांगितले आहे. झाडपाला घेणे चुकीचे आहे असे मात्र तेथे म्हटलेले नाही. मर्यादा झाडाला नाही, मंत्राला आणि फसवणुकीला आहे. तुळशीची पाने खोकल्यासाठी उकळणारी आई आणि आजाऱ्यावर भूत उतरवायला बसलेला माणूस या दोघांना एकाच तराजूत तोलणे अन्यायाचे आहे.

तरीही झाडपाल्याचे आहे म्हणून निर्धोकच आहे, असे समजू नये. बिब्ब्याचेच घ्या. टाचेच्या भेगांना, काटा मोडलेल्या जागी बिब्ब्याचे तेल लावणारी जुनी माणसे आपल्या गावांत आहेत. पण तेच तेल चुकून अंगाला लागले की बिब्बा उततो, कातडी फोडांनी भरून जाते. बिब्बे फोडून गोडंबी काढणाऱ्या बायांच्या हातांना विचारावे! धोबी याच बिब्ब्याने कपड्यांवर खुणा करीत, कारण तो डाग धुऊन जात नाही. आणि मराठीत दोन माणसांमध्ये बिघाड करण्याला आपण काय म्हणतो? बिब्बा घालणे! औषधाची आणि जिभेची गोष्ट आपल्या पूर्वजांनी एकाच शब्दात बांधून ठेवली आहे.

करोनाच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा झाला. २०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या काही रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाला तो निष्कर्ष मान्य झाला नाही. वाद काहीही असो, आधीच यकृताचा किंवा दुसरा जुना आजार असलेल्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय दिवसेंदिवस काढा घेत राहू नये, एवढे तरी त्यातून शिकावे. एक वर्षाच्या आतील बाळाला मध चाटवू नये. कावीळ झालेल्याचे हात चुन्याच्या पाण्यात धुऊन पाणी पिवळे करून दाखवले जाते. तो पिवळेपणा आजाऱ्याच्या अंगातून निघालेला नसतो. पुष्कळांची कावीळ विश्रांतीने आपोआप उतरते आणि नाव उतरवणाऱ्याचे होते. गरोदर बाईच्या बाबतीत मात्र हा उशीर जिवावर बेततो. साप चावल्यावर मांत्रिकाकडे घालवलेला अर्धा तास परत मिळत नाही. सर्पदंशाच्या रुग्णाला दवाखान्यापासून रोखून मंत्र-गंडेदोरे करणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हाही ठरवला आहे. आपल्याच अमरावती विभागातील मेळघाटात तान्ह्या बाळाच्या पोटावर तापलेल्या विळ्याने 'डंबा' देण्याचे प्रकार २०२५ मध्येही उघडकीस आले. ते चटके देणारे हात शत्रूचे नव्हते; बाळ बरे व्हावे म्हणूनच ते पुढे आले होते. चांगला हेतू पुरेसा नसतो, हे यावरून समजावे.

आता कानगोष्टीकडे वळू. तिच्यामागेही बहुधा वाईट हेतू नसतो. काळजी असते, आपुलकी असते, थोडी उत्सुकता असते. म्हणून तर ती आपल्याला पाप वाटत नाही. शिवाय आपल्या भाषेत एक सोयीचा शब्द आहे: म्हणे. "तिला म्हणे टीबी आहे." "त्यांच्या सुनेला म्हणे मूल होणार नाही." या 'म्हणे'मुळे बोलणारा साक्षीदार राहत नाही आणि जबाबदारही राहत नाही. वाक्याला मालक नसतो, पण घाव मात्र ज्याचे नाव घेतले त्यालाच बसतो.

आपल्या ख्रिस्ती मंडळींत कानगोष्ट आणखी एक पवित्र वेष घेते. प्रार्थनासभेत कोणी सांगते, "अमक्या ताईसाठी प्रार्थना करा, तिचे रिपोर्ट चांगले आले नाहीत." प्रार्थना होते, आमेन म्हटले जाते आणि घरी जाताना रिपोर्टचा तपशील साऱ्या वस्तीत पसरतो. ज्या ताईने तो फक्त एका मैत्रिणीला सांगितला होता, ती पुढच्या रविवारी देवळात येत नाही.

आणि येथेच काढा व कानगोष्ट यांची खरी गाठ पडते. कल्पना करा, एखाद्या माणसाला दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला आहे. थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते, क्षयरोगाचे औषधही मोफत मिळते आणि साधा क्षयरोग सुमारे सहा महिन्यांच्या नियमित उपचाराने बरा होतो. तरी तो जात नाही. का? रांगेत गावातले कोणी पाहील, संध्याकाळपर्यंत पारावर चर्चा होईल, मुलीचे जमलेले लग्न मोडेल. म्हणून तो घरातच अडुळशाचा काढा घेत राहतो. तीन महिने जातात, घरातील नातवालाही खोकला लागतो. लोक म्हणतील, अडाणी माणूस, काढ्यावर विसंबला. पण त्याला काढ्याने दवाखान्यापासून दूर ठेवले नव्हते, आपल्या जिभांच्या धाकाने ठेवले होते. जिथे कानगोष्टी फार, तिथे आजार लपतो. आणि लपलेल्या आजाराला घरातील औषधाखेरीज दुसरे औषध मिळत नाही.

ख्रिस्तसभा आठव्या आज्ञेखाली तीन दोष वेगवेगळे सांगते: पुराव्याशिवाय दुसऱ्याचा दोष खरा मानणे, सबळ कारणाशिवाय दुसऱ्याचा खरा दोष तिसऱ्याला सांगणे आणि खोटे सांगून दुसऱ्याचे नाव खराब करणे. यातला दुसरा दोष नीट ध्यानात घ्यावा. "मी खोटे थोडेच बोललो?" हे उत्तर तेथे चालत नाही. खरी गोष्टही चोरीची असू शकते. आणि आजार तर दोषसुद्धा नव्हे! दोष सांगणे जर अयोग्य, तर ज्याने काहीच वाईट केले नाही अशा आजाऱ्याची गोष्ट चव्हाट्यावर नेणे किती अयोग्य! नागपूरचे कॅथेड्रल ज्यांच्या नावाचे आहे ते संत फ्रान्सिस डी सेल्स यांनी १६०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या भक्तिमार्गावरील ग्रंथात या विषयाला स्वतंत्र प्रकरणे दिली आहेत. एका कृत्यावरून माणसाला कायमचे नाव चिकटवू नये, असे ते बजावतात. एकदा दारू प्यायला म्हणून तो दारुडा ठरत नाही.

प्रभू येशू स्वतः आजाऱ्यांशी कसा वागला? योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारले की पाप कोणाचे, याचे की आईबापांचे? ही त्या काळची पारावरची चर्चाच होती. प्रभूने ती तेथेच थांबवली. मग त्याने थुंकीने माती कालवून लेप केला आणि त्या माणसाच्या डोळ्यांना लावला. चर्चा नाकारली, लेप दिला! मार्कच्या सातव्या अध्यायात बहिऱ्या माणसाला बरे करण्यापूर्वी प्रभूने त्याला गर्दीतून बाजूला नेले. आणि कुष्ठरोग्याला बरे केल्यावर सांगितले की कोणाला बोलू नकोस, फक्त याजकाला जाऊन दाखव. त्या काळी रोगी शुद्ध झाल्याचे ठरवून त्याला समाजात परत घेण्याचा अधिकार याजकाचा होता. ज्याच्या हाती काही करणे होते, त्यालाच सांगायचे, बाकीच्यांना नाही.

येथे एक रास्त शंका येईल. मग काय सदैव गप्प बसायचे? शेजारी बाळाला चटके द्यायला निघाले, सापाने चावलेल्याला मांत्रिकाकडे नेऊ लागले, एखादी सून मार खाऊन जखमेवर हळद लावत बसली, तरी तोंड मिटून राहायचे? नाही. तेव्हा गप्प बसणे हेच पाप आहे. कानगोष्ट आणि कर्तव्य यांतला फरक एका प्रश्नाने कळतो: ज्याला आपण सांगत आहोत, तो या बाबतीत काही करू शकतो काय? आशाताईला, डॉक्टरांना, १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेला, फादर किंवा सिस्टरांना, घरातील जबाबदार माणसाला सांगणे ही सेवा आहे. जो फक्त ऐकून पुढे सांगणार, त्याला सांगणे ही कानगोष्ट आहे. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील क्रमही असाच आहे: आधी त्या व्यक्तीला एकांतात, मग एक-दोघांना घेऊन, आणि त्यानंतर मंडळीला. आपण पुष्कळदा उलट्या टोकापासून सुरुवात करतो. साऱ्या मंडळीला कळते आणि त्या व्यक्तीला सर्वांत शेवटी. पोप फ्रान्सिस यांनी ६ सप्टेंबर २०२० रोजी याच अध्यायावर बोलताना कुचाळकी ही करोनाहूनही वाईट साथ आहे, असे सांगितले होते.

हे खेड्यात जमते काय? जामखेडला जमले. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० मध्ये तेथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांनी खेड्यातल्या साध्या बायांना, त्यांपैकी अनेक निरक्षर आणि दलित, आरोग्याचे शिक्षण दिले. कोणती जुनी रीत ठेवायची आणि कोणती टाकायची, हे त्या बाया शिकल्या आणि शेजारणींना शिकवू लागल्या. कुष्ठरुग्णांना वेगळे न काढता गावातच उपचार मिळू लागले. अशा कामाचा पाया विश्वास असतो. जिच्या तोंडून गोष्ट बाहेर जाईल अशी भीती असते, तिला कोणी आपला चट्टा दाखवत नाही.

आपल्या लहानशा धर्मग्रामातही काही गोष्टी लगेच करता येतील. आजाऱ्यासाठी मिस्साविनंती किंवा प्रार्थना सांगण्यापूर्वी त्याची परवानगी घ्यावी आणि केवळ नाव सांगावे, आजार सांगू नये. देवाला तो ठाऊक आहे. भेटीला जाताना "काय झाले?" याऐवजी "काय करू?" असे विचारावे. काढा द्यायचाच असेल तर चालू असलेल्या गोळ्यांविषयी आधी विचारावे आणि त्या बंद करायला कधीही सांगू नये. कोणी 'म्हणे' म्हणून सुरुवात केली तर "आपण तिलाच भेटून येऊ" असे म्हणावे. आणि दवाखान्यात जायला कोणी संकोचत असेल, तर त्याच्यासोबत जावे व घरी येऊन त्याविषयी काहीही बोलू नये.

आजाऱ्याला हात देणारा आणि त्याची लाज झाकणारा प्रभू आपणा सर्वांना हातांची सेवा आणि जिभेचा संयम देवो. आमेन.