क्षमेच्या आधीचा शेजार

सार्कची सनद मी नांदेडच्या कॉलेजात बरीच वर्षं शिकवली. 8 डिसेंबर 1985, ढाका, सात देश. 2007 साली अफगाणिस्तान आलं आणि आठ झाले. मुलं एवढं पाठ करून जात. मी मात्र दहाव्या कलमापाशी रेंगाळायचो. सगळे निर्णय एकमताने होतील, द्विपक्षीय आणि वादग्रस्त प्रश्न चर्चेला घेतले जाणार नाहीत, असं ते कलम सांगतं. म्हणजे शेजाऱ्यांनी एकत्र बसायचं आणि भांडण तेवढं दाराबाहेर ठेवायचं. राज्यशास्त्राच्या तासाला येणारा हा प्रश्न मला धर्माचा वाटत आला आहे. ज्याने आपल्याला दुखावलं त्याच्याशी व्यवहार ठेवायचा का? ठेवायचा, तर त्याला मनातून माफ केल्यावर, की आधीच?

आधी मनातला द्वेष जावा, मग संबंध जुळावेत, असं आपण लहानपणापासून कीर्तनात ऐकत आलो. दोन माणसांपुरतं ते खरं आहे. देशांच्या बाबतीत 26 नोव्हेंबर 2008 ची रात्र आडवी येते. मुंबईच्या स्टेशनात गाडीची वाट बघत बसलेली माणसं त्या रात्री मारली गेली. हल्ला संपेपर्यंत शहरात 166 जीव गेले. त्यांच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार कुणाला आहे? मला नाही, दिल्लीतल्या कुठल्याही सरकारला नाही. गेलेल्या माणसाची क्षमा दुसऱ्याला परस्पर देऊन टाकता येत नाही. म्हणून ‘झालं गेलं विसरा’ म्हणणाऱ्यांशी माझं कधी जमलं नाही.

मग शेजारधर्मही संपला का? इथे मला रॉबेर शुमान आठवतात. फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री, निष्ठावान कॅथलिक, युद्धात जर्मनांच्या कैदेतून निसटलेले. 9 मे 1950 रोजी त्यांनी फ्रान्स आणि जर्मनीचा कोळसा व पोलाद एका सामायिक सत्तेखाली आणण्याचा प्रस्ताव मांडला. युद्ध संपून जेमतेम पाच वर्षं झाली होती. क्षमा हा त्यांच्या श्रद्धेचा गाभा, पण फ्रेंच माणसाने आधी जर्मनांना माफ करावं अशी अट त्यांनी घातली नाही. तोफा ज्यापासून बनतात ती वस्तूच एकट्याच्या हातात राहू नये, एवढंच बघितलं. भाविक माणसाने लोकांच्या अंतःकरणावर ओझं टाकलं नाही, याचं मला फार मोल वाटतं. मात्र त्याआधी जर्मनी हरला होता आणि न्युरेंबर्गला खटले चालले होते. न्यायाचा थोडा तरी भाग उरकला होता. आपल्याकडे तो उरकलेला नाही, त्यामुळे युरोपचं उदाहरण जसंच्या तसं उचलता येत नाही.

आपल्याकडचं उदाहरण करतारपूरचं. गुरू नानकांनी आयुष्याची शेवटची वर्षं तिथे शेती करत, लंगर चालवत काढली. 1539 साली तिथेच देह ठेवला. त्यांची समाधीही तिथे आहे आणि कबरही, कारण हिंदू आणि मुसलमान दोघांनीही त्यांना आपलं मानलं. फाळणीत ते ठिकाण सीमेपलीकडे गेलं. तेव्हापासून दुरावलेल्या गुरुद्वारांच्या दर्शनाची मागणी अरदासमध्ये, शिखांच्या प्रार्थनेत आली. गोदाकाठी राहणाऱ्या आम्हा नांदेडकरांना ही मागणी परकी नाही. आमच्या शेजारची शीख कुटुंबं ती रोज करतात. अलीकडच्या डेरा बाबा नानकहून भाविक दुर्बिणीतून पलीकडचे घुमट बघत. अंतर साडेचार किलोमीटरच्या आसपास.

आणि मार्ग खुला झाला तो 2019 मध्ये! फेब्रुवारीत पुलवामा आणि बालाकोट, ऑगस्टमध्ये 370 कलमाचा निर्णय, त्यापाठोपाठ पाकिस्तानने तोडलेला व्यापार. तरीही 24 ऑक्टोबरला करार झाला आणि 9 नोव्हेंबरला यात्रेकरू पलीकडे गेले, व्हिसाशिवाय, दिवसाला पाच हजारांपर्यंत जाता येईल अशा सोयीने. दोन्ही राजधान्यांत तेव्हा क्षमेचा लवलेश नव्हता. राग शाबूत ठेवूनही एक वाट रागाबाहेर ठेवता आली.

सार्कला हेच जमलं नाही. भांडण दाराबाहेर ठेवलं, पण एकमताच्या अटीने दाराची किल्ली त्याच्याच हाती दिली. 2014 च्या काठमांडूनंतर शिखर परिषद झालेली नाही. उरीच्या हल्ल्यानंतर 2016 ची इस्लामाबादची परिषद बारगळली. याउलट ऑक्टोबर 2024 मध्ये, ढाक्यातल्या सत्तांतरानंतर भारत-बांगलादेश संबंध ताणलेले असताना, नेपाळची चाळीस मेगावॅट वीज भारतीय तारांमधून बांगलादेशला देण्याचा करार तिघांनी केला. आकडा लहान आहे. मला तो मोठ्या परिषदांहून महत्त्वाचा वाटतो.

एप्रिल 2025 मध्ये पहलगामला 26 माणसं मारली गेली, त्यांत सहा महाराष्ट्रातली. त्यानंतर सरकारने जे कठोर निर्णय घेतले त्यातले बरेच मला समजतात. पण उपचारांसाठी आलेल्या पाकिस्तानी रुग्णांच्या व्हिसालाही 29 एप्रिलची मुदत घातली गेली, आणि मे महिन्यात करतारपूरचा मार्ग आपल्या बाजूने बंद झाला. शिक्षेच्या टोकाला दोषी माणूस असावा लागतो. इथे एका टोकाला आजारी मूल होतं, दुसऱ्या टोकाला आपलेच भाविक.

सार्कची सनद पुन्हा उघडली गेलीच, तर दहाव्यानंतर मला एक कलम हवं आहे: रुग्ण, यात्रेकरू आणि नद्यांच्या पुराची माहिती या तीन गोष्टी कुठल्याही वादात थांबवल्या जाणार नाहीत, आणि त्यांसाठी दरवेळी एकमत लागणार नाही. खुनाचा खटला, हद्दीचा वाद, व्यापारबंदी, सगळं त्याच्या जोडीने चालू राहो. या कलमाची खरी परीक्षा पुढच्या हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी असेल, हे मला ठाऊक आहे. त्या सकाळी जे सरकार फाटक उघडं ठेवील त्याला भेकड म्हणणाऱ्यांत मी नसेन, मग गेलेली माणसं माझ्या गल्लीतली असली तरी.