न लागलेल्या आगीचा हिशेब

कुकरच्या झाकणावर शिटीखेरीज आणखी एक लहानशी गुंडी असते. शिटीची वाट बुजली, तर ती स्वतः वितळून वाफेला वाट देते. बहुतेक घरांत तिच्यावर ती पाळी कधीच येत नाही. तरी तिच्यावाचून कुकर गॅसवर चढवणे कुणालाही शहाणपणाचे वाटणार नाही. बहुधा न घडणाऱ्या गोष्टीची तयारी किती करावी, हा प्रश्न मात्र सोपा नाही.

माझा धंदा हा प्रश्न आकड्यांत सोडवण्याचा आहे. तेलशुद्धीच्या कारखान्यात हीट एक्स्चेंजर नावाची लांबट पिंपे असतात. आत नळ्यांचा जुडगा; नळ्यांतून एक द्रव, बाहेरून दुसरा, आणि दोघांत उष्णतेची देवघेव. दोन्हीकडची दारे बंद असताना पिंपाखाली आग लागली, तर कोंडलेला द्रव उकळू लागतो. ती वाफ सोडणाऱ्या झडपेचे तोंड केवढे असावे, ते मी ठरवतो.

रीत ठरलेली आहे. जमिनीपासून सुमारे ७.६ मीटर उंचीपर्यंतचा, आतून द्रवाने भिजलेला पृष्ठभाग मोजायचा आणि त्यावरून आगीची उष्णता काढायची. २० चौरस मीटर उघड्या पृष्ठभागाला ती सुमारे ५०० किलोवॅट धरतात. पण सांडलेले तेल वाहून न्यायला चांगले चर नसतील किंवा आग विझवणारे वेळेवर पोचणार नसतील, तर तोच आकडा ८३० च्या घरात जातो.

इथे मी नेहमी थबकतो. मधले ३३० किलोवॅट माणसांच्या खात्यावर मांडलेले असतात. चर उपसणाऱ्या, बंबाची निगा राखणाऱ्या, मी कधी न पाहिलेल्या माणसांच्या भरवशावर मी झडप लहान करतो.

मग कुणावर विसंबूच नये, झडप हवी तेवढी मोठी करावी? तेही बरे नव्हे. गरजेहून फार मोठी झडप फडफडत राहते. उघडते, मिटते, आणि आपटून आपटून निकामी होते. अतिकाळजीचेही असेच असते.

४ जानेवारी १९६६ रोजी फ्रान्समध्ये लिआँजवळ फेझां येथे प्रोपेनच्या गोल टाकीखाली आग पेटली. झडप उघडली होती. ती टाकीला सांभाळील, या समजुतीने पाणी शेजारच्या टाक्यांवर मारले जात होते. पण द्रवाच्या वरचे कोरडे पोलाद तापून दुबळे झाले आणि टाकी फुटली. १८ माणसे दगावली. झडपेचा हिशेब माणसांवर विसंबतो आणि माणसे झडपेवर. कोण कशासाठी कुणावर विसंबले आहे, हे मात्र एकमेकांना ठाऊक नसते.

म्हणून मला वाटते, दुसऱ्यावर विसंबणे गैर नाही. त्याला न सांगता विसंबणे गैर आहे. हिशेबाखाली मी आता स्पष्ट लिहितो: हा आकडा चर मोकळे राहतील असे धरून काढला आहे. तो कागद चर उपसणाऱ्यापर्यंत पोचावा, असाही आग्रह धरतो. घरातसुद्धा आपण कुणाच्या तरी जागरणावर, कुणाच्या तरी काटकसरीवर आपले आकडे बिनबोभाट कमी करत असतो. फराळाला सगळे जमतील तेव्हा त्या माणसाला निदान तेवढे सांगावे.