अमृताआधी हलाहल



नवी माळ घातलेला एखादा वर्षा-सहा महिन्यांनी कीर्तनकाराजवळ येतो आणि हळूच सांगतो, “महाराज, नाम घ्यायला लागल्यापासून मन जास्तच बिघडलंय. जपाला बसलं की नको नको ते आठवतं. आधी असं नव्हतं.” एवढ्यावरून पुष्कळांनी माळ खुंटीला टांगली. समुद्रमंथनाची कथा त्यांच्याचसाठी आहे, असे मी समजतो.

भागवताच्या ८ व्या स्कंधात ती येते. देवदैत्यांनी मंदराची रवी अन् वासुकीची दोरी करून क्षीरसागर घुसळला. कशाला? अमृताला. आणि आधी वर आले काय? हलाहल! हा डेरा मनाचा आहे, बाबांनो. तळाशी राग, हेवा, वासना निवांत बसलेल्या असतात. ढवळत नाही तोवर पाणी निवळ दिसते. नामाची रवी फिरली की तळ वर येतो. ते विष नामाने केलेले नाही, होते ते दाखवले.

पुराणकथांत आणि परीकथांत मनाचे खोल थर बोलतात, असे स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग (१८७५–१९६१) यांनीही मांडले. ठीक आहे. पण कथा मनाची म्हणून देवाला रजा देऊ नये. मंदर बुडू लागला तेव्हा देवदैत्यांचे बळ सरले होते. पाठ दिली ती कूर्मरूप भगवंताने.

मग या विषाचे करायचे काय? महादेवाने ते कोणावर थुंकले नाही, पोटातही उतरू दिले नाही, कंठात धरले. राग आला तर तो सुनेवर ओकू नये, आत घोळवीतही बसू नये; आला आहे एवढे ओळखावे आणि मुखी नाम चालू ठेवावे. भागवतात आणखी एक बारीक गोष्ट आहे. पिताना महादेवाच्या हातून थोडे सांडले, ते साप-विंचवांनी घेतले. प्रत्यक्ष महादेवाच्या हातून सांडते, तिथे आपल्या तोंडून एखादा शब्द सांडला तर लगेच माळ काढायची? ज्याला लागला त्याच्या पाया पडावे आणि पुन्हा दोरीला हात घालावा.

हलाहल निवाल्यावर देवदैत्य पुन्हा घुसळू लागले. मग कामधेनू आली, उच्चैःश्रवा आला, ऐरावत आला, लक्ष्मी आली. अमृताचा कलश घेऊन धन्वंतरी आले ते सर्वांच्या शेवटी.