झुंज

बंगळूरजवळच्या बन्नेरघट्ट्याच्या सफारी बसमध्ये एक प्रश्न हमखास ऐकू येतो. कन्नडमध्ये, तमिळमध्ये, तेलुगूत. आणि बंगळुरात मराठी घरे थोडी नाहीत, म्हणून मराठीतही. वाघ आणि सिंह लढले तर कोण जिंकेल? सिंहांचे आवार संपलेले असते, वाघांचे अजून लागायचे असते. प्रश्न त्या मधल्या कुंपणापाशी सुचतो.

विचारतात मुले. उत्तरे मोठी माणसे देतात, आणि आवेशाने देतात. ज्या जनावराशी आपला काही संबंध नाही, त्याची बाजू माणूस इतक्या हिरिरीने घेतो, तेव्हा त्याला कुठल्यातरी जुन्या पराभवाचा निकाल फिरवून हवा असतो.

वाघ आणि सिंह दोन्ही रानात असलेला भारत हा एकच देश. पण गुजरातेतल्या गीरच्या सिंहाची आणि कर्नाटकातल्या नागरहोळेच्या वाघाची गाठ पडत नाही. ती फक्त माणसाच्या मनात पडते.

एके काळी हा प्रश्न मनावर सोपवलेला नव्हता. गायकवाडांच्या बडोद्यात हत्तींच्या झुंजीसाठी खास आखाडा होता. 1875 साली इंग्लंडचा युवराज आला, तेव्हा त्यालाही हा खेळ दाखवला गेला. कोल्हापुरात साठमारी होती: मदावर आलेला हत्ती, आणि त्याला डिवचून पळणारी माणसे. त्या जागेला लोक आजही साठमारीच म्हणतात. अशा झुंजीसाठी हत्तीला आधी खुराक द्यावा लागे. चिडवावे लागे. भिंती बांधाव्या लागत, आणि आवरेनासे झाले तर दारूकाम हाताशी ठेवावे लागे. दोन बलवान आपणहून भिडतील याची खात्री असती, तर एवढी सिद्धता कशाला लागली असती?

झुंज पाहणाऱ्याला किंमत मोजावी लागत नाही. म्हणून ती त्याला आवडते.

1973 साली जॉन मेनार्ड स्मिथ आणि जॉर्ज प्राइस यांनी ‘नेचर’मध्ये एक लेख लिहिला. झुंजी त्यांनीही कल्पिल्याच. पण संगणकावर, आकड्यांत. त्यांचा प्रश्न वेगळा होता. प्राणघातक शस्त्रे जवळ असताना एकाच जातीचे प्राणी परस्परांना सहसा ठार का मारत नाहीत? त्यांनी प्रत्येक जखमेची किंमत धरली. मग दिसले ते असे: दिसेल त्याच्यावर तुटून पडणारा टिकत नाही. मर्यादा पाळून लढणारा, आणि मर्यादा मोडणाऱ्याला मात्र उलट वार करणारा, त्याच्यापेक्षा पुढे जातो. जातीच्या भल्यासाठी कुणी संयम पाळतो असे मानायची गरजच उरली नाही. प्रत्येकाने स्वतःचा जीव जपला, तरी संयम उरतो.

स्कॉटलंडच्या रम बेटावर तांबड्या हरणांचे नर माजाच्या दिवसांत आधी ओरडतात. एक ओरडतो, दुसरा उत्तर देतो. दम कुणाचा टिकतो ते दोघांनाही कळते. तेवढ्याने भागले नाही तर दोघे शेजारी शेजारी चालू लागतात. पुढे, मागे, पुन्हा पुढे. एकमेकांचा देह, चाल, थकवा जोखत. बहुतेकदा यातच एक जण वळतो आणि निघून जातो. शिंगांना शिंगे भिडतात ती जोखून फरक कळला नाही म्हणून. समान बळाची माणसेही अशीच अधिक घायाळ होतात.

मेनार्ड स्मिथ यांच्या लेखाच्या आदल्याच वर्षी, 1972 साली, पुण्याच्या माधव गाडगीळांनी ‘अमेरिकन नॅचरलिस्ट’मध्ये शस्त्रांचा हिशेब मांडला होता. शिंग, सुळा फुकट मिळत नाही. तो वाढवायला अन्न लागते, वागवायला बळ. सगळेच शस्त्रे वाढवू लागले की खर्च चढत जातो आणि लाभ घटतो. अशा वेळी त्या भानगडीत न पडणारा नरही तितकाच यशस्वी ठरू शकतो. म्हणून एकाच जातीत सशस्त्र आणि निःशस्त्र नर पिढ्यान् पिढ्या शेजारी नांदतात. पुढे गाडगीळ बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले, आणि 1983 साली तिथे परिस्थितिकी विज्ञान केंद्र उभे राहिले ते त्यांच्या हातून.

आशियाई हत्तींत काही नरांना सुळे येतात, काहींना येत नाहीत. बिनसुळ्याच्या नराला मखना म्हणतात. सुळेवाला आणि मखना समोरासमोर आले तर? पैज सगळे सुळ्यांवर लावतील. त्याच केंद्रातल्या करपगम चेल्लय्या आणि रामन सुकुमार यांनी काझीरंग्यात हे पाहिले, आणि 2013 साली निष्कर्ष मांडला. पहिला मान मदाचा. मग देहाच्या आकाराचा. सुळ्यांचा सगळ्यांत शेवटी.

मद जवळून पाहावा. डोळा आणि कान यांच्यामधल्या ग्रंथीतून दाट द्राव पाझरतो. गालावरून काळा ओघळ उतरतो, थेट तोंडाच्या कोपऱ्यापर्यंत. मूत्र थेंबाथेंबाने गळत राहते, मागच्या पायांच्या आतल्या बाजू भिजलेल्या असतात. हत्ती दिसण्याआधी त्याचा वास पोचतो. या दिवसांत तो खातो कमी, चालतो फार, आणि झडत जातो. आकाराने मोठा असलेला, पण मदावर नसलेला नर त्याला वाट देतो. त्याला कळलेले असते की समोरच्याचे सुळे मोजण्यात अर्थ नाही. समोरच्याने स्वतःच्या जिवाचा हिशेब ठेवणे थांबवले आहे.

बिनसुळ्याच्या माणसांपुढे मोठमोठी माणसे बाजूला झालेली मी पाहिली आहेत. ज्यांना वाट मिळाली ती त्या काळात आतून किती झिजत होती, तेही पाहिले आहे. मदाला मुदत असते. ज्याच्या देहात साठा नाही, त्याचा मद लवकर उतरतो.

नागरहोळेत वाघ, बिबट्या आणि कोळसुंदे, म्हणजे रानकुत्रे, एकाच रानात शिकार करतात. उल्लास कारंत आणि मेल सनक्विस्ट यांनी 1995 साली त्यांच्या भक्ष्याची सरासरी वजने दिली: वाघाचे 91.5 किलो, बिबट्याचे 37.6, कोळसुंद्यांचे 43.4. वाघ बिबट्याला मारतो, हे खरे आहे. पण तेवढ्यावर हे तिघे एकत्र कसे राहतात याचा उलगडा होत नाही. प्रत्येकाच्या भुकेचे माप थोडे वेगळे आहे. माणसांचे शेजारही प्रेमापेक्षा यावरच अधिक टिकतात.

2018च्या फेब्रुवारीत ताडोबात एका वाघाने अस्वलाच्या मादीला गाठले. चित्रफीत देशभर फिरली. मादीच्या बरोबर पिल्लू होते. वाघाने तिला खाली दाबले, ती सुटली, पुन्हा अंगावर गेली. शेवटी बाजूला झाला तो वाघ. कोण जिंकले, यावर लोक पुष्कळ बोलले. वाघाने एक शिकार पणाला लावली होती. तिने काय लावले होते, ते तिच्या मागे उभे होते. बळाची तुलना अशा वेळी निरुपयोगी ठरते. ज्याचे गमावण्यासारखे अधिक, तो आपल्या वजनाहून जड होतो.

हत्ती आणि गेंडा लढले तर? ही झुंज मात्र खरोखर घडली. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात हत्तींची संख्या कमी करण्यासाठी कळप मारले जात. मोठे हत्ती वाहून नेणे जड, म्हणून अनाथ पिल्ले तेवढी पिलानेसबर्गच्या उद्यानात नेऊन सोडली. पिल्ले वाढली. नरांना वेळेच्या फार आधी मद येऊ लागला, आणि तो लांबत गेला. 1992 ते 1997 या काळात त्यांनी चाळीसहून अधिक पांढरे गेंडे मारले. गेंड्यांशी त्यांचे काही वैर नव्हते. त्यांना जोखणारे, त्यांच्यापुढे उभे राहणारे कुणी उरले नव्हते. थोरले गेल्यानंतरच्या घरांत धाकट्यांचे आवाज कसे चढतात, ते ठाऊक असलेल्याला याचे नवल वाटणार नाही. ही झुंजही माणसानेच लावली होती. पाहायला कुणी बसले नव्हते, एवढाच बडोद्याशी फरक.

1998 साली क्रूगरमधून सहा प्रौढ नर आणून तिथे सोडले. तरुणांचा मद आखूड होत गेला. गेंड्यांची हत्या थांबली.