सात किलोमीटर कुणाचे?

एका तासात ट्रॅकवर सायकल किती लांब नेता येते, एवढीच 'अवर रेकॉर्ड'ची परीक्षा. शेजारी प्रतिस्पर्धी नाही, वाटेत घाट नाही. माणूस, सायकल आणि घड्याळ. ब्रिटनच्या ख्रिस बोर्डमनने सप्टेंबर १९९६मध्ये मँचेस्टरच्या व्हेलोड्रोमवर तासाभरात ५६.३७५ किलोमीटर अंतर कापलं. ऑक्टोबर २०००मध्ये तोच बोर्डमन त्याच शहरात पुन्हा ट्रॅकवर उतरला आणि ४९.४४१ किलोमीटरवर थांबला. जवळजवळ सात किलोमीटर कमी, आणि तरीही तो विक्रम ठरला!

मधल्या काळात नियम बदलले होते. सायकलीच विक्रम करू लागल्यात, माणसं मागे पडलीत, अशी चिंता यूसीआय या जागतिक संघटनेला वाटू लागली होती. त्यामुळे ज्या वेळी बेल्जियमच्या एडी मर्क्सने १९७२मध्ये मेक्सिको सिटीत ४९.४३१ किलोमीटरचा विक्रम केला, त्या वेळच्या धाटणीच्या सायकलीवर केलेलाच विक्रम खरा, असं तिने ठरवलं. बोर्डमन मर्क्सच्या पुढे गेला तो फक्त दहा मीटरने.

महागडी सायकल महत्त्वाची की ती चालवणारे पाय, हा वाद पुण्यात रविवारी सकाळी सिंहगडाच्या पायथ्याशी चहा पितानाही रंगतो. बोर्डमनचे हे दोन आकडे ऐकले, तर दोन्ही बाजूंना वाटेल की बाजी आपणच मारली. एक म्हणेल, बघा, सायकल बदलली आणि सात किलोमीटर गेले. दुसरा म्हणेल, जुन्या घडणीच्या सायकलीवर त्याला तरी मर्क्सच्या फार पुढे कुठे जाता आलं?

पण ते सात किलोमीटर आले कुठून? काही वाटा शरीराचा असणार. २०००मध्ये बोर्डमनची कारकीर्द संपत आली होती आणि तब्येतही पूर्वीची राहिली नव्हती. मोठा वाटा मात्र बसण्याच्या पद्धतीचा. १९९६मध्ये तो दोन्ही हात नाकासमोर लांब ताणून, उडत्या सुपरमॅनसारखा पसरून सायकल चालवत होता. सपाट रस्त्यावर वेग वाढला की ताकदीचा सर्वात मोठा हिस्सा वारा कापण्यात जातो, आणि तो वारा सायकलीपेक्षा सायकलस्वाराच्या अंगावर जास्त आदळतो. छाती, खांदे, डोकं किती आडवं येतं यावर वेग ठरतो.

ही सुपरमॅन बैठक काढली होती स्कॉटलंडच्या ग्रॅहम ओब्रीने. ओब्रीची स्वतःची सायकल घरगुती बनावटीची. तिच्यात कपडे धुण्याच्या मशीनचे बेअरिंग बसवलेले. त्या सायकलीवर तो हात छातीखाली दुमडून बसायचा. १९९३च्या जुलैत नॉर्वेतल्या हामार इथे पहिल्या दिवशी त्याचा प्रयत्न फसला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा ट्रॅकवर आला आणि ५१.५९६ किलोमीटर कापून फ्रान्चेस्को मोझरचा नऊ वर्षांचा विक्रम त्याने मोडला. यूसीआयने पुढच्या वर्षी ती बैठक बंद केली, तेव्हा त्याने हात पुढे पसरण्याची नवी तऱ्हा शोधली. म्हणजे साधनाने फरक पडला हे खरं, पण त्या फरकामागे डोकं होतं. पैशांची थैली नव्हती.

उलट ज्या मर्क्सच्या 'साध्या' सायकलीचे गोडवे गायले गेले, ती साधी होती कुठे? इटलीच्या एर्नेस्टो कोल्नागोने खास त्या तासासाठी घडवलेली ती सायकल सहा किलोंहूनही हलकी होती. वजन घटवायला सुट्या भागांना भोकं पाडलेली. आज टूर दे फ्रान्समध्ये ६.८ किलोंपेक्षा हलकी सायकल चालत नाही. शेवटी २०१४मध्ये यूसीआयने आपलाच नियम गुंडाळला आणि आधुनिक ट्रॅक सायकलींना परवानगी दिली, पण सुपरमॅन बैठकीला नाही. बोर्डमनचा ५६.३७५चा आकडा मागे टाकायला इटलीच्या फिलिप्पो गान्नाला २०२२ साल उजाडावं लागलं. मधली सव्वीस वर्षं कार्बनचे कारखाने काही झोपले नव्हते!

आता सिंहगडाच्या चढावर येऊ. चालवणारा बहात्तर किलोंचा, सायकल दहा किलोंची आणि चढायला तास लागतो, असं धरू. घसघशीत पैसे मोजून सायकलीचं वजन दोन किलोंनी उतरवलं, तर एकूण ओझं अडीच टक्क्यांच्या आतबाहेर घटतं. वाचतं साधारण दीड मिनिट. शर्यतीत दीड मिनिट म्हणजे खूप झालं; पिठलं-भाकरी खायला वर निघालेल्याला ते जाणवणारही नाही.

दुकानात मात्र हे गणित कुणी मांडत नाही. तिथे शिमानोची शिडी असते: क्लॅरिस, सोरा, टियाग्रा, १०५, अल्टेग्रा, ड्युरा-एस. खालच्या पायऱ्यांवरचा फरक खरा असतो; गिअर बिनबोभाट पडतात, ब्रेकवर विश्वास टाकता येतो. वर जावं तसे ग्रॅम कमी होतात आणि किंमत झपाट्याने वाढते. शेवटच्या पायरीवरचं यंत्र हातात घेतलं, शिफ्टर हलकेच दाबला आणि चेन आवाज न करता सरकली, की माणूस विरघळतो. त्यात गैर काही नाही. हौसेला मोल नसतं, आणि उत्तम घडवलेली वस्तू वापरण्याचा आनंद वेगात मोजायचा नसतो.

नुकसान होतं ते दुसरीकडे. नवखा माणूस पहिल्या रविवारी जुनी सायकल घेऊन येतो, भोवतालच्या कार्बनच्या फ्रेम पाहतो आणि आपली बरोबरी नाही असं समजून पुढच्या रविवारी येतच नाही. दुसरा असतो चांगली सायकल घेतलेला. तो पुढचा भाग येईपर्यंत थांबतो, मग त्याच्या पुढच्या भागासाठी. दोघांच्याही सायकली भिंतीला टेकून.

याउलट, मुंबईतून १९२३मध्ये सहा पारशी तरुण जगाच्या फेरीवर निघाले. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे सुमारे ७१ हजार किलोमीटर तुडवून १९२८मध्ये परतले, पोलादी सायकलींवर. आजच्या लांब पल्ल्याच्या ब्रेव्हे राइडमध्येही तोच पिंड दिसतो. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ६०० किलोमीटरला ४० तास. वेळेत पोचला तो पास, पहिला-दुसरा नंबर नाही. ताशी पंधरा किलोमीटरची सरासरी साधी गिअरची सायकलही देते. तिथे कसोटी लागते ती बुडाला न टोचणाऱ्या सीटची, पहाटेपर्यंत टिकणाऱ्या दिव्याची आणि अंधारात टायर उतरवून ट्यूब बदलणाऱ्या बोटांची.

तेव्हा दोन लाख रुपये हाताशी असणाऱ्याने आधी सीटची उंची जाणत्या माणसाकडून लावून घ्यावी, टायर चांगले टाकावेत, चेन पुसून तेल द्यावं, दिवे आणि हेल्मेट घ्यावं. एवढ्या खर्चानंतरही पुष्कळ उरतात. पुण्याहून निवांत मुक्काम करत गोव्यापर्यंत सायकल चालवण्याचा, मासे खाण्याचा आणि सायकल रेल्वेने परत पाठवण्याचा खर्च त्यात सहज बसतो.