हुकमाचं लग्न

टोकियोत एक राजकन्या होती. तिचं नाव मासाको. जपानच्या राजघराण्याच्या नाशिमोतो शाखेतली ही थोरली लेक, जन्म १९०१ चा. १९१६ च्या उन्हाळ्यात ती ओइसोच्या समुद्रकाठी घराण्याच्या बंगल्यात राहायला गेली होती. तिथं एके सकाळी तिनं वर्तमानपत्र उघडलं, तर त्यात तिचाच फोटो. सोबत एका तरुणाचा. खाली बातमी होती की नाशिमोतो घराण्याच्या राजकन्येचा विवाह कोरियाच्या युवराजाशी ठरला आहे.

मुलीला पंधरावं वर्ष चालू होतं. तिला कुणी विचारलं नव्हतं, सांगितलंही नव्हतं. आईवडील तरी काय करणार? शब्द वरून आला होता आणि तिथून आलेल्या शब्दाला नाही म्हणायची रीत नव्हती.

आता नवरदेवाचं. त्याचं नाव यी उन. तो दहा वर्षांचा असताना, १९०७ साली, इतो हिरोबुमी नावाचा बडा जपानी मुत्सद्दी त्याला सोलहून टोकियोला घेऊन आला. शिक्षणासाठी नेतो, असं सांगितलं होतं. पोर ओलीस आहे हे सगळ्यांना कळत होतं. तीन वर्षांनी जपाननं कोरिया खालसाच केला. पुढच्या साली त्याची आई तिकडे वारली. इकडे तो जपानी शाळेत शिकला, जपानी लष्करी शाळेत शिकला, अंगावर जपानी गणवेश चढवून हिंडू लागला. राज्य नाही, तरी युवराज.

मासाकोला जे सासर मिळत होतं, ते तिच्या माहेरानं आधीच गिळून टाकलेलं होतं. सरकारला मात्र या लग्नातून जगाला दाखवायचं होतं की बघा, जपान आणि कोरिया आता एक घर झाले.

लग्न १९१९ च्या जानेवारीत व्हायचं होतं. काही दिवस उरले असताना सोलमध्ये सासरे, म्हणजे कोरियाचे जुने सम्राट गोजोंग, अचानक गेले. जपान्यांनी विष घातलं, असं लोक उघड बोलू लागले. मार्चमध्ये अंत्ययात्रेच्या सुमाराला देशभर माणसं रस्त्यावर आली. त्यांना स्वातंत्र्य हवं होतं, मिळाल्या गोळ्या आणि तुरुंग. लग्न पुढं ढकललं गेलं. ते लागलं २८ एप्रिल १९२० ला, टोकियोत.

नवरा अबोल होता, पण भला होता. दोघांचं जमलं. हुकमानं लागलेल्या लग्नात असंही होतं कधी कधी, आणि त्याचं श्रेय हुकूम देणाऱ्यांना द्यायचं कारण नाही. पुढच्या वर्षी मुलगा झाला. त्याचं नाव जिन.

१९२२ च्या वसंतात दोघं बाळाला घेऊन सोलला गेली. सासरच्या दरबारात सूनबाईचं रीतसर येणं अजून व्हायचं होतं. जुन्या कोरियन राण्यांचा जडशीळ पोशाख तिनं अंगावर घातला, सगळे विधी पार पाडले. माणसं तिच्याकडे बघत होती. कुणाच्या नजरेत कुतूहल होतं, कुणाच्या नजरेत काय होतं ते तिनं ओळखलंच असेल.

परत निघायची वेळ आली आणि बाळाला उलट्या सुरू झाल्या. ११ मे रोजी बाळ गेलं. नऊ महिन्यांचंही नव्हतं.

कुणी म्हणालं दूध बाधलं. कुणी म्हणालं आजोबांच्या विषाचा सूड नातवावर निघाला. कुणी म्हणालं जपान्यांनाच हा वंश नको होता. खरं काय, ते आजवर ठरलेलं नाही. बाळाला सोलमध्येच पुरलं. आई रिकाम्या ओटीनं टोकियोला परतली.

पुढची वर्षं झरझर गेली. एक नणंद होती, दोक्ह्ये. गोजोंग यांची लाडकी धाकटी लेक. तिलाही १९२५ साली भावासारखंच उचलून जपानला आणलं. चार वर्षांनी तिकडे तिची आई गेली आणि या मुलीचं मन ढासळलं. ती भावाच्या घरीच राहत होती. भावजयीनं तिची शुश्रूषा केली. जरा बरं वाटलं न वाटलं तोच, १९३१ मध्ये, तिचंही एका जपानी सरदाराशी लग्न लावून देण्यात आलं. वर बसलेली माणसं नकाशावर रेघा मारत होती. त्या रेघांच्या एका टोकाला मासाको होती, दुसऱ्या टोकाला दोक्ह्ये.

त्याच वर्षाच्या अखेरीस मासाकोला दुसरा मुलगा झाला. त्याचं नाव गू. हा जगला.

मग महायुद्ध आलं आणि जपान हरला. १९४७ साली नवऱ्याचं पद गेलं, तनखा गेला. ज्या देशात ती राजकन्या म्हणून जन्मली, त्याच देशात तिची नोंद आता परदेशी बाई म्हणून झाली, कारण नवरा कोरियन. कोरिया स्वतंत्र झाला होता, पण तिथल्या अध्यक्षांना, सिंगमन ऱ्ही यांना, जुन्या राजाचा वारस दारात नको होता. जपानला ही माणसं कोरियन, कोरियाला जपानी. दागदागिने गेले, सामान गेलं, शेवटी अकासाकातला वाडा विकला. घेणाऱ्यानं तिथं हॉटेल काढलं. मुलगा अमेरिकेत वास्तुशास्त्र शिकायला गेला, तिकडेच त्यानं लग्न केलं. नवऱ्याला मेंदूचा झटका आला, वाचा गेली, शुद्धही हळूहळू गेली.

राजवट बदलल्यावर कोरियाचं दार उघडलं. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी विमान सोलला उतरलं. दहाव्या वर्षी नेलेला मुलगा सहासष्टाव्या वर्षी कायमचा घरी आला, स्ट्रेचरवरून. विमानतळावरून त्याला थेट रुग्णालयात नेलं, आणि राजवाड्यात पुन्हा राहणं त्याच्या नशिबी आलंच नाही. मासाको बासष्ट वर्षांची होती. तिला चांगदोक राजवाड्यातलं नाकसोनजे हे दालन राहायला मिळालं. चिनी अक्षरांत लिहिलेलं तिचं नाव कोरियात बांगजा असं वाचतात. लोक तिला त्याच नावानं ओळखू लागले.

यी उन १ मे १९७० ला गेला. लग्नाला पन्नास वर्षं पूर्ण होऊन तीनच दिवस झाले होते.

आता मासाकोला बांधून ठेवणारं काही उरलं नव्हतं. ज्या सरकारनं लग्न ठरवलं ते बुडालं होतं. ज्याच्याशी ठरवलं तोही गेला होता. टोकियोत भाषा होती, नातेवाईक होते. सोलमध्ये जपानचं नाव काढलं तरी माणसांचे ओठ आवळले जात, आणि त्यात वावगं काही नव्हतं. पस्तीस वर्षांची गुलामी माणसं इतक्या लवकर कशी विसरतील?

मासाको राहिली.

नवरा रुग्णालयात होता तेव्हाच तिनं एक काम हाती घेतलं होतं. पोलिओनं पाय गेलेली, ऐकू-बोलू न येणारी मुलं त्या काळी पुष्कळ घरांतून आतल्या खोलीतच वाढत. त्यांना हाताला काम शिकवायचं, पोटापुरतं मिळवतं करायचं, म्हणून तिनं संस्था काढली. संस्थेला नवऱ्याचं टोपणनाव दिलं, म्योंगह्वी. पुढं सुवॉनला बुद्धीनं मंद असलेल्या मुलांसाठी जाह्ये नावाची शाळा उभी राहिली.

यासाठी पैसा लागतो. राजघराण्याला मिळणाऱ्या मदतीत तो निघणं शक्य नव्हतं. मग म्हातारीनं मीनाकारी हातात घेतली. धातूच्या पत्र्यावर रंगीत काचेची पूड बसवायची, भट्टीत भाजायची, घासायची, पुन्हा भाजायची. तिनं दागिने घडवले, चित्रं काढली, सुलेखनं लिहिली आणि ती विकली. जपानमध्ये आणि इतर देशांतही प्रदर्शनं भरवली. कोरियन राजघराण्याचे पोशाख लोकांना दाखवून देणग्या गोळा केल्या. माहेरच्या ओळखी तिला आता उपयोगी पडल्या. सत्तरी ओलांडली, ऐंशी ओलांडली, हे चालूच होतं.

नणंदही त्याच आवारात होती. दोक्ह्येचं लग्न मोडलं होतं, एकुलती एक लेक नाहीशी झाली होती, वर्षानुवर्षं वेड्यांच्या रुग्णालयात काढून १९६२ साली ती मायदेशी परतली होती. नाकसोनजेला लागून असलेल्या सुगांगजेत ती राहायची. दोघींनी आपापल्या वाटणीचं भोगलं होतं. म्हातारपणी शेजारी शेजारी राहायला मिळालं.

एका सरकारनं दोन देश एक व्हावेत म्हणून या बाईचं लग्न लावलं. फौज होती, फर्मान होतं, वर्तमानपत्रं होती, तरी दोन देशांमधली कटुता त्या लग्नानं तसूभर कमी झाली नाही, उलट वाढली. त्याच बाईनं पुढं कुणीही न सांगता चार मुलांच्या हाताला काम दिलं, तेव्हा सोलमधल्या माणसांनी तिला आपलं म्हटलं. हुकमानं ती राजवाड्यापर्यंत पोचली होती. घरात तिला त्या मुलांनी घेतलं. त्यासाठी कोरियन माणसांना जपानला माफ करावं लागलं नाही, आणि तिनंही तशी मागणी केली नाही.

२१ एप्रिल १९८९ रोजी दोक्ह्ये गेली. त्यानंतर नऊ दिवसांनी मासाको गेली, वयाच्या सत्याऐंशीव्या वर्षी. कोरियाच्या जुन्या राजरिवाजानुसार तिची अंत्ययात्रा निघाली आणि नामयांगजूच्या राजस्मशानात नवऱ्याशेजारी तिला पुरण्यात आलं. माहेरहून दिवंगत सम्राट हिरोहितो यांचे धाकटे भाऊ, राजपुत्र मिकासा, आले होते. पाहुणे म्हणून.